हरकती व सूचना

प्रकाशनाच्या धंद्यातून एखादी बाई बाहेर पडली, की ओळखीच्या लेखकांना आधी हायसं वाटतं आणि मग ते चौकशी करतात. हायसं अशासाठी, की त्यांच्या कादंबरीतली दोन प्रकरणं कुणी उडवली आणि नायिकेचं लग्न पान ४० वरून पान १२ वर कुणी आणलं, याची एक साक्षीदार कमी झाली. चौकशी ठरलेली असते. "मग, आता काय करणार?" मी सांगायची, "लिहिणार. आणि थोडं झाडांचं, नदीचं बघणार."

'झाडांचं बघणार' याचा अर्थ प्रत्येकानं सोयीनं लावला. आमच्या वहिनींना वाटलं, मी नर्सरी काढतेय. शेजारच्या काकूंनी त्यांचा मलूल कढीपत्ता कुंडीसकट आणून दारात ठेवला. ताक घालून झालं, गंजका खिळा पुरून झाला, आता तुम्हीच बघा, म्हणाल्या. आणि ज्यांच्याकडे मी इतकी वर्षं संपादक होते त्या प्रकाशकांनी चष्मा काढून विचारलं, "पर्यावरण? त्याला उठाव आहे का?" त्यांच्या जागी बसून पाहिलं तर प्रश्न रास्तच होता. आमच्याकडे वास्तुशास्त्र आणि पाककृती खपत, त्या पैशावर कविता निघत, आणि कवितांतून काही उरलंच तर पर्यावरण.

मी मात्र मनात चित्र रंगवून ठेवलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली. आता वाक्यांपासून सुटका. पहाटे टेकडी, गळ्यात दुर्बीण, हातात वही. समोर आदर्श मोठे होते. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात हयात काढली, मग ते रानाबद्दल बोलणार नाहीत तर कोण? दुर्गाबाई भागवत मुंबईत राहणाऱ्या, तरी १९५६ साली 'ऋतुचक्र' लिहून मोकळ्या झाल्या. माझं निसर्गज्ञान बहुतेक हस्तलिखितांतून आलेलं. नायिका उदास झाली की गुलमोहोर फुलतो, एवढं माझं वनस्पतिशास्त्र. तो गुलमोहोर मूळचा मादागास्करचा, याचा नायिकेला पत्ता नसे आणि तिच्या संपादिकेलाही.

टेकडीवर गेले तर तिथेही तेच. उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळा उतार फिकट गुलाबी फुलांनी भरला होता. मी वही उघडली, पहिलं वाक्य लिहिलं, त्यात 'उधळण' हा शब्द आला. बरोबरचे पक्षिमित्र म्हणाले, "हे गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतलं. वनीकरणात लावलंय. याच्याखाली आपलं फारसं काही येत नाही." मग त्यांनी धावडा दाखवला, सालई दाखवली, मेडशिंग दाखवली. दिसायला सगळी बेताची. आयुष्यभर भाषांतरित पुस्तकं मूळ मराठी समजून वाचणाऱ्या वाचकासारखी माझी अवस्था झाली. 'उधळण' मी तिथल्या तिथे खोडली. त्या दिवशीचं प्रत्यक्ष काम एवढंच.

खरी सुरुवात टेकडीवर झालीच नाही. ती झाली एका नोटिशीवर. रस्त्याकडेच्या वडाला कुणीतरी एक कागद ठोकला होता. ठोकलेला खिळ्यानं, हे आणखी विशेष. आमच्या धंद्यात छपाईचे खिळे जुळवायचा काळ मी नोकरीला लागले तेव्हा सरत आला होता. आता रविवारी सकाळी काही मंडळींबरोबर पक्कड घेऊन झाडांचे खिळे उपटायला जाते. नोटीस मी पूर्ण वाचली. रस्त्यावरची नोटीस पूर्ण वाचणारा माणूस एकतर वकील असतो नाहीतर प्रूफरीडर. सगळा मजकूर म्हणजे एकच वाक्य, क्रियापद थेट शेवटच्या ओळीत. मधे कुठेतरी असं होतं, की सदर वृक्ष तोडण्यात येऊन तद्नंतर सदर वृक्षाचे पुनर्रोपण करण्यात येईल. मी पर्समधून लाल पेन काढलं आणि उभ्या उभ्या 'तद्नंतर'वर गोल केला. स्कूटरवरून जाणारा एक माणूस थांबला.

"मॅडम, खात्यातल्या का?"

"नाही हो. प्रूफ बघतेय."

"मग आमच्या सातबाऱ्यावर वडलांचं नाव चुकलंय. ते होईल का?"

वृक्षतोडीचा आपला कायदा १९७५ चा आहे, आणि अशी नोटीस लागली की सात दिवसांत कुणालाही हरकत घेता येते. मी घेतली. चांगली चार परिच्छेदांची, चढत जाणारी, शेवटी जरा थांबून श्वास घ्यायला लावणारी. 'पुराणपुरुष' हा शब्द त्यात होता. ती मी आमच्या खिळे उपटणाऱ्या गटातल्या एका काकांना दाखवली. बँकेतून निवृत्त, आयुष्यात त्यांनी ललित म्हणून काही वाचलं असेल तर ते दिवाळी अंकातले विनोद. त्यांनी पेन्सिलीनं तीन परिच्छेद आडवे केले. "ताई, निबंध नको. ठिकाण लिहा. छातीच्या उंचीवर घेर किती ते लिहा. वय पन्नासच्या वर वाटत असेल तर तसं लिहा, २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्याला वजन आहे. फोटो जोडा. आणि हे पुराणपुरुष कोण?"

इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी असं संपादन केलं नव्हतं, आणि वाईट म्हणजे ते बरोबर होतं. घेर ओढणीनं मोजला, ओढणी घरी येऊन टेपनं मोजली. वड अजून उभा आहे. आमच्या हरकतीमुळे, की ठेकेदाराला दुसरीकडे मोठं काम मिळाल्यामुळे, ते वडालाच ठाऊक. 'तद्नंतर' मात्र पुढच्या नोटिशीतही होता.

मग अहवाल येऊ लागले. खाण, बंदर, धरण, मोठा कारखाना काढायचा तर पर्यावरणावर काय परिणाम होतील याचा अभ्यास करून अहवाल द्यावा लागतो. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत त्याचे नियम आहेत. हे अहवाल शेकडो पानांचे असतात. गटातली तरुण मुलं त्यांना घाबरतात. मला ते पाहताच माहेरी आल्यासारखं वाटलं. लेखकानं स्वतः पुन्हा न वाचलेला मजकूर ओळखण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली होती. आधी अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे आतल्या पानांशी ताडायचे. नकाशावरचं गाव मजकुरात आहे का पाहायचं. दहा पानं 'आणि' लिहिणारा माणूस अकराव्या पानावर 'व' लिहायला लागला, अक्षर अर्ध्या पॉइंटानं मोठं झालं, समासातली जागा बदलली, की समजायचं, पाहुणा आला. कुठून आला, ते शोधायचं.

याबाबतीत रत्नागिरी जिल्ह्यातलं एक प्रकरण आमच्या गटात अभ्यासक्रमासारखं शिकवलं जातं. तिथल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्च या झाडांची जंगलं निघाली. कोकणात! आंबा, काजू, ऐन, किंजळ असलेल्या मुलुखात. शोध घेतल्यावर कळलं, की मजकूर रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून उचललेला आहे. त्यावर बराच गाजावाजा झाला, आणि तो योग्यच होता. पण माझ्यातली संपादिका वेगळ्याच ठिकाणी अडली. 'शोधा आणि बदला' ही सोय प्रत्येक संगणकात असते. देश बदलायचं त्या माणसाला सुचलं. झाडं बदलायचं सुचलं नाही. म्हणजे झाड ही बदलण्यासारखी गोष्ट आहे, ठिकाणाप्रमाणे ती वेगळी असते, हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं. हा माणूस पर्यावरणाचा अभ्यास करत होता. गुलमोहोर फुलवणारे माझे लेखक त्याच्यापुढे वनस्पतिशास्त्रज्ञ वाटावेत.

या सगळ्यात मला धीर दिला तो रेचल कार्सननं, आणि तोही तिच्या नोकरीनं. डीडीटीसारख्या कीटकनाशकांवर 'सायलेंट स्प्रिंग' लिहिणारी कार्सन सर्वांच्या ऐकण्यात असते. पण ही बाई त्याआधी सरकारी खात्यात दुसऱ्यांचे अहवाल सरळ करत होती, हे कळलं तेव्हा मला नातेवाईक सापडल्यासारखा आनंद झाला. १९३६ साली ती अमेरिकेच्या मत्स्यखात्यात लागली, कामाचं नाव जलजीवशास्त्रज्ञ, प्रत्यक्षात माहितीपत्रकं आणि पुस्तिका. १९४९ पर्यंत ती मासे आणि वन्यजीव खात्याच्या सगळ्या प्रकाशनांची मुख्य संपादक झाली होती. शास्त्रज्ञांची वाक्यं सोडवणं, पुस्तिका वेळेवर छापून घेणं. चहाचे कप सोडले तर माझंच टेबल.

तिची सुरुवातीची एक गोष्ट मला फार आवडते. साहेबांनी तिला खात्याच्या समुद्रावरच्या एका पुस्तिकेसाठी प्रास्ताविक लिहायला सांगितलं. तिनं लिहून आणलं. साहेबांनी वाचलं आणि सांगितलं, की हे इथे चालणार नाही, दुसरं लिही. आणि हे 'अटलांटिक मंथली'ला पाठव. १९३७ साली ते तिथे छापून आलं. साभार परत करण्याची इतकी देखणी तऱ्हा मी कधी पाहिली नाही. आमचं छापील कार्ड होतं, त्यात 'तथापि' असे.

पुढे १९४१ च्या नोव्हेंबरात तिचं पहिलं पुस्तक आलं आणि महिनाभरात पर्ल हार्बरवर बाँब पडले. पुस्तक बसलं. ज्याचं पुस्तक ऐन निवडणुकीच्या निकालाच्या आठवड्यात आलं आहे अशा लेखकालाच हे दुःख कळेल. दहा वर्षांनी, १९५१ मध्ये, समुद्रावरचं दुसरं पुस्तक तुफान खपलं, आणि १९५२ मध्ये तिनं राजीनामा दिला. क्रम लक्षात घ्या: आधी खप, मग राजीनामा. हा क्रम आमच्या घरी मला अधूनमधून वाचून दाखवण्यात येतो.

'सायलेंट स्प्रिंग' हे नाव मुळात पक्ष्यांवरच्या एका प्रकरणासाठी होतं. ते उचलून सबंध पुस्तकाला द्यावं, हे तिच्या साहित्यिक प्रतिनिधी मेरी रोडेल यांनी सुचवलं. नाव बरेचदा आत कुठेतरी दडलेलं असतं, हे संपादकाला माहीत असतं आणि लेखकाला पटत नाही. पुस्तक १९६२ मध्ये निघालं. त्याआधी एका रसायन कंपनीनं प्रकाशकाला कायद्याचा धाक घालणारं पत्र पाठवलं होतं. प्रकाशकानं वकिलाला विचारलं, तज्ज्ञाकडून तपासून घेतलं आणि छापलं. आमच्या धंद्यातल्या या माणसांचा पुतळा कुठे नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा धरली नसणार.

पण मला धक्का बसला तो पुस्तकाच्या शेवटाशी. तिथे ५० हून अधिक पानं फक्त संदर्भ आहेत. डीडीटीबद्दलचं प्रत्येक विधान कुठून आलं, त्याची यादी. मी त्या जागी असते तर पहिला घाव तिथेच घातला असता. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे तीन फॉर्मांवर कागद, आणि वाचणार कोण? वाचणारे होते. कंपन्यांनी माणसं बसवून वाचलं. तिला भावनावश म्हणून झालं, अविवाहित बाईला पुढच्या पिढ्यांची काळजी कशाला, असंही बोलून झालं. पण पुस्तक पाडायचं तर ती ५० पानं पाडायला हवी होती, आणि ती पडली नाहीत. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला, त्यानं बरंचसं तिचंच म्हणणं उचलून धरलं. १९६४ च्या एप्रिलमध्ये कर्करोगानं ती गेली. छप्पन्न वर्षांची होती.

जनसुनावणीला मी पहिल्यांदा गेले ती देशावरच्या एका तालुक्यात. मांडव, भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची कनात, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. क्षणभर वाटलं, पुस्तक प्रकाशनाचाच समारंभ आहे, आता शाल-श्रीफळ येणार. साम्य आणखीही आहे. सुनावणीला गणसंख्येची अट नाही. कितीही कमी माणसं आली तरी ती सुरू करता येते. आमचे निम्मे प्रकाशन समारंभ याच तत्त्वावर पार पडले. फरक शेवटी आहे. समारंभ संपला की वडे असतात. सुनावणी संपताना काय काय मुद्दे आले, ते स्थानिक भाषेत सर्वांना वाचून दाखवावं लागतं, तसा नियमच आहे. तोवर बहुतेक लोक उठलेले असतात. मी अर्थातच थांबते. शेवटचं प्रूफ न पाहता घरी जायची मला सवय नाही.

त्या दिवशी एक आजी बोलल्या होत्या. माइक तोंडाला लावूनच बोलायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि गरजही नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमची हीर मार्चात आटते, तुम्ही बोर कुठं मारनार ते आधी दावा. इतिवृत्त वाचताना ते असं आलं: 'काही ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.'

मी उभी राहिले. म्हटलं, आजींनी चिंता व्यक्त केलेली नाही. त्यांनी प्रश्न विचारलाय. विहीर कुठली, कधी आटते, तुमचा बोअर कुठे, एवढं सगळं त्यात आहे. ते जसंच्या तसं घ्या. वाचणारे साहेब सौजन्यानं म्हणाले, "मॅडम, आम्ही आशय घेतलाय." हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्या बाजूनं बोलत आले होते. आशय घेतलाय, फक्त पाल्हाळ काढलाय. किती लेखकांना मी याच सुरात गप्प केलं असेल! म्हणूनच मला त्यातली मेख ठाऊक होती. पाल्हाळ काढताना आधी आकडे जातात, मग नावं जातात, आणि उरते ती चिंता. चिंतेला उत्तर द्यावं लागत नाही.

बरीच घासाघीस झाल्यावर वाक्य मिळालं: विहीर, मार्च, बोअर, प्रश्नचिन्हासकट. प्रश्नचिन्हासाठी मी पाच मिनिटं जास्त भांडले. आजी मागे उभ्या होत्या. "बाई, तुझं लिवून झालं आसंल तर चल," म्हणाल्या, "यष्टी जाईल."

कागदाचा विषय मात्र अवघड जागेचा. मी रिमांच्या हिशेबानं कागद मागवलाय, ७० जीएसएम, नॅचरल शेड. भाव विचारला, शेड विचारली, उन्हात पिवळा पडतो का विचारलं. कुठून येतो, हे विचारायचं असतं असं कुणी म्हणालं असतं तर मी 'लक्ष्मी रोडवरून' असं उत्तर दिलं असतं. बल्लारपूरच्या कारखान्याचा कागद चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूतून व्हायचा. त्याच गडचिरोलीत मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण स्वतःचा बांबू तोडून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो मिळायला २०११ चा एप्रिल उजाडला. मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. मधल्या काळात वाद कशावर, तर बांबू झाड की गवत यावर. ग्रामसभेनं तेवढ्या काळात कागदपत्रं कशी वाचली, कशी लिहिली, हे ऐकलं की आमचा गट बालवाडीतला वाटतो. आणि त्याच सुमारास मी कुठल्यातरी प्रस्तावनेत 'मातीशी जोडलेली नाळ' असं छापत असणार, बहुधा त्याच बांबूवर. न खपलेल्या प्रती शेवटी रद्दीत जात. पुरस्कार मिळालेल्या आणि न मिळालेल्या पुस्तकांना किलोमागे भाव तिथे सारखाच.

आता माझंच पुस्तक होतंय. प्रकाशक नवीन, संपादक माझ्या मुलीच्या वयाची. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसल्यावर मी नेमकी तशीच वागते, ज्या वागण्याच्या नकला करून मी ऑफिसात हशे मिळवले. स्वल्पविरामासाठी रात्री फोन करते. मुखपृष्ठावरचा हिरवा 'आपला' हिरवा नाही म्हणते. ती मुलगी शांतपणे ऐकून घेते आणि मग तिला हवं ते करते. मुलगी तयार आहे.

परवा तिचा फोन आला. "ताई, १९६ पानं झालीत. चार काढली तर बारा फॉर्ममध्ये बसेल."

मी म्हटलं, "बारा घाल की मग. तेरा फॉर्मचं होऊ दे."

"कागद वाचवा असं पान ८८ वर तुम्हीच लिहिलंय."

यावर बोलण्यासारखं नव्हतं. तिचं म्हणणं, मागचं परिशिष्ट उडवावं. त्यात वडाचा घेर आहे, कलमं आहेत, नोटिशीची आणि इतिवृत्ताची नक्कल आहे. ते कोणी वाचत नाही, असं ती म्हणाली, आणि माझाच आवाज फोनमधून ऐकू आल्यासारखं झालं. मी तिला कार्सनची ५० पानं सांगितली. ती म्हणाली, ठीक, मग दुसरं काहीतरी द्या. मी रात्री सगळी प्रूफं पसरून बसले. टेकडीवरच्या पहाटेचं एक प्रकरण होतं, बरोबर चार पानांचं. मेडशिंगेपासून सुरू होऊन उजाडण्यापर्यंत जाणारं, बरंच घोटलेलं. सकाळी तिला कळवलं, ते काढ.

"ते?" ती म्हणाली. "अहो ताई, सगळ्या पुस्तकात तेवढंच तर साहित्य होतं."